विचारा ताईला : अकरा संघटना, एक पान, आणि "आमची पोस्ट कोणी दाबली?"

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की वेगवेगळ्या संघटनांच्या साइटवर जे येतं ते आपोआप एका सामायिक पानावर कसं ओढून आणायचं, म्हणजे प्रत्येक साइटचं फीड (तिथल्या ताज्या पोस्टींची मशीनला वाचता येणारी यादी) जोडायचं आणि बसायचं. ते "आणि बसायचं" जरा घाईत लिहिलं गेलं असं आता वाटतंय, कारण त्यावर जी पत्रं आलीयत त्यातलं एकही फीड कसं जोडायचं याबद्दल नाही, सगळी जोडल्यानंतर काय झालं याबद्दल आहेत. मी स्वतः असल्या एका पानाची सहा वर्षं राखण केलीये, नदीवाले, जंगलवाले, फेरीवाल्यांची युनियन, मच्छीमार, दोन महिला मंडळं आणि माहिती अधिकारवाले एक काका, असा सगळा गोतावळा. त्यामुळे तुम्ही सांगताय त्यातल्या बऱ्याच खड्ड्यांत मी आधीच पडून आलेय.

प्रश्न : ताई, आमच्याकडे अकरा संघटनांची फीड्स आहेत आणि बघणारे आम्ही तिघं, तिघांच्याही नोकऱ्या. एक जण म्हणतो प्रत्येक पोस्ट वाचून मगच सोडायची. दुसरी म्हणते आपण कोण त्यांना तपासणारे, सरळ येऊ द्या. मी मधल्यामध्ये अडकलोय. – एक कार्यकर्ता, कुडाळ

उत्तर : दोघांचंही म्हणणं बरोबर आहे आणि दोघांचंही चालणार नाही.

प्रत्येक पोस्ट वाचून सोडायचं आम्ही करून बघितलंय. सुरुवातीला उत्साह असतो, तीन महिने छान चाललं, मग गणपती आले, सगळे गावाला गेले, परत येऊन बघतो तर 63 पोस्टी रांगेत आणि त्यातल्या निम्म्या "उद्या सकाळी जमायचंय" छापाच्या, आणि तो उद्या कधीच होऊन गेलेला. ज्यांच्या पोस्टी अडकल्या त्यांना वाटलं आम्ही मुद्दाम अडवल्या. कोणाला पटेना की आम्ही मोदक खात होतो.

आणि सरळ येऊ द्या म्हटलं तर काय होतं ते जगानं बघितलंय. 1999 च्या नोव्हेंबरात अमेरिकेत सिअ‍ॅटलला जागतिक व्यापार संघटनेची परिषद होती, तिच्या विरोधात हजारो लोक रस्त्यावर आले, आणि टीव्हीवाले काय दाखवतील ते दाखवू देत आपलं आपण सांगू म्हणून इंडीमीडिया नावाची साइट उभी राहिली. सॉफ्टवेअर आलेलं ऑस्ट्रेलियातनं, सिडनीच्या कार्यकर्त्यांनी लिहिलेलं. लॉगिन नाही, परवानगी नाही, कोणीही यावं आणि छापावं. पुढच्या काही वर्षांत जगभर शंभरावर ठिकाणी इंडीमीडियाची केंद्रं निघाली, आणि मग खऱ्या बातम्यांच्या मधे जाहिराती, वंशद्वेषी मजकूर, तेच तेच पुन्हा पुन्हा टाकणारे, सगळे आले. दार उघडं ठेवलं की मांजरही येतं. त्यांनी काढलेला तोडगा मात्र मला अजून आवडतो, पानाचे दोन भाग केले, कडेच्या पट्टीत जे येतं ते येतं तसं, आणि मधल्या रकान्यात संपादक गटानं निवडून, नीट लिहून काढलेलं.

तुम्हीही हेच करा. पण तुमच्यात आणि त्यांच्यात एक फरक आहे बघा. त्यांच्याकडे येणारा माणूस अनोळखी होता, तुमच्याकडे येतायत त्या अकरा ओळखीच्या संघटना. तुम्ही पोस्ट आत घेत नाही, घर आत घेता. तेव्हा सगळी तपासणी दारातच करून घ्यायची. फीड जोडायच्या आधी त्यांच्या मागच्या तीसेक पोस्टी वाचा, सगळ्या, चहा घेऊन बसा आणि वाचा. मग फोन करा आणि विचारा, साइटचा पासवर्ड कोणाकोणाकडे आहे, डोमेन, म्हणजे साइटचा विकत घेतलेला पत्ता, कोणाच्या नावावर आहे, कधी संपतो. हे विचारताना लाज वाटते पण विचारा, पुढच्या प्रश्नात कळेल का ते. तुमच्या पानावर काय चालणार नाही ते एका कागदावर, एकाच, लिहून त्यांना पाठवा आणि "हो" असं लेखी घ्या. मग एक महिना त्यांच्या पोस्टी थांबवून बघून सोडायच्या, महिन्यानंतर कडेच्या पट्टीत सरळ. मधला रकाना तुमच्या तिघांचा, आठवड्याला दोन गोष्टी निवडल्या तरी पुष्कळ झालं.

प्रश्न : एका शुक्रवारी रात्री आमच्या पानावर एकाच संघटनेच्या शंभर जुन्या पोस्टी एकदम आल्या. सगळ्यात वर होती "उद्या सकाळी 11 वाजता तहसील कचेरीसमोर धरणे", ती दोन वर्षांपूर्वीची. सात जण पोचले हो. शनिवार, कचेरीला कुलूप, आणि एक आजी भाकरी बांधून आलेल्या. आता ती संघटना म्हणते चूक तुमची, आम्ही म्हणतो तुमची. – एक वाचक, नाशिक जिल्हा

उत्तर : आजींची माफी तुम्ही मागा, चूक कोणाचीही असो, कारण त्या तुमच्या पानावर विसंबून आल्या होत्या.

आता झालं काय असणार ते सांगते. फीडमधल्या प्रत्येक पोस्टला एक ओळख असते, जीयूआयडी म्हणतात तिला, आधार नंबरसारखं समजा. तुमचं पान ते नंबर लक्षात ठेवतं, आणि नंबर ओळखीचा निघाला तर पोस्ट परत घेत नाही. त्या संघटनेनं बहुतेक साइट एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर, म्हणजे साध्या पत्त्यावरून सुरक्षित पत्त्यावर, नेली आणि नेताना कोणीतरी डेटाबेसमध्ये सरसकट जुना पत्ता शोधून नवा टाकला, त्या झटक्यात या ओळखीही बदलल्या. साइट बनवायचं वर्डप्रेस नावाचं सॉफ्टवेअर आहे, ते बनवणारे कानीकपाळी ओरडतात की या रकान्याला हात लावू नका, पण ते वाचतो कोण. झालं, तुमच्या पानाला सगळ्या पोस्टी नव्या वाटल्या. शंभर कशा आल्या? वर्डप्रेसच्या फीडमध्ये मुळात शेवटच्या 10 च पोस्टी असतात, त्यांनी तो आकडा कधीतरी वाढवून 100 केला असणार.

पण एवढ्यानं जुनी पोस्ट वर येत नाही. ती वर आली कारण तुमचं पान पोस्ट कधी ओढली त्यानुसार क्रम लावतंय, कधी लिहिली त्यानुसार नाही. ही चूक तुमची. क्रम मूळ तारखेनं लावा, आणि सात दिवसांपेक्षा जुनी तारीख असेल तर पट्टीत घ्यायचीच नाही, बाजूला थांबवायची. पोस्टवर तारीख ठळक दिसली पाहिजे, "2 तासांपूर्वी" वगैरे नको, पूर्ण तारीख वार आणि साल. उलटंही होतं, आमच्याकडे हातानं बनवलेली एक साइट होती, तिथल्या ताईंनी संमेलनाचीच तारीख पोस्टची तारीख म्हणून टाकली, ते संमेलन तीन महिन्यांनी होतं, तीन महिने ती पोस्ट पहिल्या नंबरवर ठाण मांडून. तेव्हा पुढची तारीख दिसली तर ओढल्याची वेळच धरायची हा नियमही घाला. आणि एकाच फीडमधनं एका तासात दहाच्या वर पोस्टी आल्या तर पान आपोआप थांबलं पाहिजे आणि तुमच्यापैकी कोणाचा तरी फोन वाजला पाहिजे.

डोमेनचं म्हणत होते ना वर. आमच्या मच्छीमार संघटनेचा डोमेन एका कार्यकर्त्याच्या पुतण्याच्या नावावर होता, तो गेला दुबईला, पैसे भरायचे राहिले, डोमेन सुटला आणि कोणीतरी उचलला. फीडचा पत्ता तोच, त्यामुळे आमचं पान इमानेइतबारे दर अर्ध्या तासाला तिथे जाऊन येत होतं. रविवारी सकाळी सहाला उघडलं तर वर एलईडी मासेमारीविरोधातलं निवेदन आणि त्याच्या खाली त्याच संघटनेच्या नावानं, त्याच होडीच्या चित्रासह, "पहिल्या डिपॉझिटवर दुप्पट बोनस, आत्ताच खेळा". अशा सहा. सगळ्यात वाईट म्हणजे आम्ही दारात विश्वासू म्हणून घेतलेलं फीड होतं ते, त्याला कोणी विचारणार नव्हतं. तेव्हापासून आमच्याकडे एक वही आहे, साधी दोनशे पानी, तिच्यात कोणाचा डोमेन कधी संपतो ते लिहिलेलं आणि पंधरा दिवस आधी आम्हीच फोन करतो. काम त्यांचं आहे, पण पान आपलं आहे.

प्रश्न : शीर्षकं फार भडक येतात, बदलली तर चालतील का? – सातारा

उत्तर : नाही. दुसऱ्याच्या तोंडी आपले शब्द घालायचे नाहीत, फारच असेल तर पोस्ट थांबवा आणि त्यांना फोन करून त्यांच्याकडेच बदलायला सांगा. याला कायद्याचंही कारण आहे, ते खाली येईल.

प्रश्न : आम्ही नको असलेल्या शब्दांची यादी करून फिल्टर लावलाय. पण जुगाराच्या जाहिराती बिनदिक्कत आत येतायत आणि अत्याचाराच्या घटनेवरचा सत्यशोधन अहवाल मात्र अडकला. असं उलटं का? – एक कार्यकर्ती, लातूर

उत्तर : कारण ही असली फिल्टरं इंग्रजीच्या अंदाजानं बनलेली असतात आणि आपल्या शब्दांना शेपट्या फुटतात. तुमच्या यादीत "सट्टा" आहे असं धरू. जाहिरातवाला लिहितो "सट्ट्यात जिंका", "सट्टेबाजीचं अ‍ॅप". अक्षर अक्षर जुळवणाऱ्या मशीनला यात "सट्टा" कुठेच दिसत नाही, शाळेत सामान्यरूप शिकवत होते तेव्हा कंटाळा आला होता ना, ते आता इथे आडवं आलं. मग वाटतं की शब्दाचं मूळ टाकावं, "सट्ट" एवढंच. तिथपर्यंत ठीक. पण हीच युक्ती "दारू"ला लावलीत तर "दारूबंदी"वाल्यांच्या सगळ्या पोस्टी अडकतील. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे, तिथला कोणी तुमच्याकडे फीड जोडून बसला असेल तर बिचाऱ्याचं एकही वाक्य आत यायचं नाही.

अजून एक गंमत. "शेतकऱ्यांचा" हा शब्द दिसतो एक पण टाइप होतो दोन तऱ्हांनी, कोणाच्या कीबोर्डवर तो नुक्तावाला ऱ येतो आणि कोणाच्या कीबोर्डवर साधा र, हलन्त आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना फरक कळत नाही, मशीनला दोन वेगळे शब्द वाटतात. त्यामुळे फिल्टर तर चुकतोच, पण तीच प्रेसनोट दोन संघटनांनी टाकली तर पान ती एकच आहे हेही ओळखत नाही. तुमच्या तांत्रिक माणसाला सांगा की जुळवायच्या आधी दोन्ही रूपं एकसारखी करून घे, पंधरा मिनिटांचं काम आहे. आणि कोणी जुन्या फॉण्टमध्ये टाइप केलेला मजकूर तसाच चिकटवला तर तो मशीनला इंग्रजी अक्षरांचा कचराच दिसतो, तो फिल्टरमधनं असा निसटतो की बस.

अहवाल अडकला तो वेगळ्या कारणानं. त्यात आरोपी काय बोलला ते लिहिलं असणार, जातिवाचक शिवीसकट, कारण तेच तर गुन्ह्याचं मुख्य अंग आहे, फिर्यादीतही ते शब्द तसेच लिहावे लागतात. शिवी देणारा आणि शिवी दिली म्हणून सांगणारा यातला फरक शब्दांच्या यादीला कळत नाही. म्हणून फिल्टरनं काही पुसायचं नाही, परस्पर लपवायचंही नाही, फक्त थांबवायचं आणि माणसाला हाक मारायची. आणि ज्या संघटना दलित अत्याचारांवरच काम करतात त्यांच्या फीडला हा फिल्टर लावूच नका, नाहीतर ज्याच्यासाठी पान काढलं त्यालाच दारात उभं करताय.

प्रश्न : आमच्या पानावरची एक संघटना फुटली. आता दोन गट, दोघांचं नाव तेच, बोधचिन्ह तेच, साइटी दोन. दोघंही म्हणतात खरे आम्ही. त्यात आमच्या एका मॉडरेटरचा सख्खा भाऊ एका गटात, आणि दुसऱ्या गटाच्या चार पोस्टी गायब झाल्यात. तो म्हणतो नियमात बसत नव्हत्या. – नाव छापू नका

उत्तर : छापत नाही. आणि महाराष्ट्रात संघटना फुटली याचं नवल वाटायचे दिवस गेले.

खरे कोण हे तुम्ही ठरवायचं नाही. खरंच नाही. तुम्ही न्यायाला बसलात की पुढच्या सहा महिन्यांच्या तुमच्या बैठका त्यातच जातील, माझ्या गेल्यात. दोघांची फीड्स ठेवायची असतील तर नावापुढे साइटचा पत्ता दिसू द्या म्हणजे वाचणाऱ्याला कळेल कुठली कोण, आणि दोघांनाही तोच एक कागद परत पाठवा, त्यात एक ओळ वाढवून, की एकमेकांवरची पत्रकं या पट्टीत चालणार नाहीत. आंदोलनाचं काय करताय ते सांगा, भावकीचं तुमच्या साइटवर. ही ओळ दोघांनाही सारखीच लागू करायची, आठवड्याभरात कळतं कोणाला काम करायचंय.

आता भावाचं. तो मुलगा खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही, त्या चार पोस्टी खरंच नियमात बसत नसतील. पण ते कोणाला दिसणार नाही, दिसणार एवढंच की भावानं दाबल्या. इथे परत इंडीमीडियावाल्यांकडे जाते, त्यातही ब्रिटनमधल्या. ते नियमाबाहेरची पोस्ट सहसा पुसून टाकत नसत, लपवत असत, आणि लपवलेल्या पोस्टी बघायला वेगळं पान असे. म्हणजे पहिल्या पानावर नाही, पण ज्याला बघायचंच आहे त्यानं जावं, बघावं आणि ठरवावं की यांनी बरोबर केलं की माती खाल्ली. आमच्याकडे आम्ही ते "मागची खोली" म्हणून केलं. प्रत्येक लपवलेल्या पोस्टीखाली एक ओळ, कागदावरचा कुठला नियम, कोणी लपवली, दुसरं कोण हो म्हणालं. एकट्यानं लपवायचं ते फक्त जुगार आणि जाहिराती, बाकी सगळ्याला दोन जण. आणि ज्याचं घरचं, गावचं, पक्षाचं नातं आहे त्यानं त्या फीडला हात लावायचा नाही, बोलायचंही नाही, बैठकीत पाणी प्यायला उठायचं. सुरुवातीला लोक म्हणाले एवढी कागदपत्रं कशाला, आपण काय सरकारी कचेरी आहोत का. मी म्हटलं माहिती अधिकार मागणारी माणसं आपण, आपल्याच पानाची माहिती द्यायला काय झालं.

त्या चार पोस्टी मागच्या खोलीत आणा, कारणासकट. त्यातल्या एखाद्-दोन परत पट्टीत आणाव्या लागतील असा माझा अंदाज आहे.

मागच्या खोलीत काय ठेवायचं नाही, ते पुढच्या पत्रात.

प्रश्न : आमच्या पानाला जोडलेल्या एका महिला संघटनेच्या निवेदनात चुकून पीडित मुलीच्या वडिलांचं नाव आणि वाडीचं नाव गेलं. त्यांनी तासाभरात साइटवरून काढलं. आमच्या पानावर ते चार दिवस होतं, आम्हाला पत्ताच नाही. झोप लागत नाहीये ताई. – एक वाचक, फोंडा, गोवा

उत्तर : आधी काम, मग झोप. पहिल्यांदा पानावरनं पूर्ण पुसा, लपवू नका, मागच्या खोलीतही नको. मग बॅकअपमधनं, मग ईमेलनं आठवड्याची पत्रिका जात असेल तर ती तपासा, मग सर्च इंजिनला जुनी प्रत काढायची विनंती टाका. त्या संघटनेला लगेच सांगा, म्हणजे मुलीच्या घरच्यांशी त्या बोलतील, तुम्ही परस्पर जाऊ नका.

असं झालं कारण फीडमध्ये "ही पोस्ट आली" हे सांगायची सोय आहे, "ही पोस्ट गेली" हे सांगायची आरएसएस नावाच्या नेहमीच्या फीड-प्रकारात नाहीच. अ‍ॅटम या दुसऱ्या प्रकारात 2012 साली तशी सोय निघाली, पुसलेल्या पोस्टीची वर्दी द्यायची, पण ती वापरणारी साइट मला अजून भेटायचीय. तिकडे त्यांनी पोस्ट काढली की ती नुसती फीडमधनं नाहीशी होते, आणि जुनी झाली म्हणून फीडमधनं खाली सरकली तरीही तशीच नाहीशी होते, तुमच्या पानाला दोन्ही सारखंच. म्हणून तुमच्या पानानं दर काही तासांनी मूळ लिंक उघडून बघायला हवी, तिकडे पान सापडत नाही असं उत्तर आलं की इकडची प्रत आपोआप खाली. दुसरं, पूर्ण मजकूर घेऊच नका. शीर्षक, दोन ओळी आणि "पुढे वाचा", बास. वाचणारा त्यांच्या साइटवर जाईल, त्यांनाही बरं, आणि जे आपल्याकडे नाहीच ते आपल्याकडे राहून जाणार नाही. पूर्ण मजकूर घेणारी पानं देखणी दिसतात हे खरंय, आमचंही होतं, अशाच एका प्रसंगानंतर बंद केलं.

कायद्याचं थोडक्यात, मी वकील नाही, तुम्ही एक गाठा. बलात्काराच्या गुन्ह्यात पीडितेचं नाव किंवा ज्यावरून ती ओळखू येईल असं काहीही छापलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, 1 जुलै 2024 च्या आधी हेच भारतीय दंड संहितेत 228अ होतं, आणि मूल अल्पवयीन असेल तर पोक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचं, कलम 23 वेगळं. वडिलांचं नाव आणि वाडी म्हणजे ओळख पटलीच. "आमचं आपोआप येतं" हे उत्तर त्या मुलीला द्यायचं आहे असं समजून बघा, म्हणजे ते किती टिकतं ते कळेल.

प्रश्न : पोलिस स्टेशनमधून फोन आला, "ती पोस्ट काढा". आम्ही घाबरून काढली. बरोबर केलं का? – पुणे जिल्हा

उत्तर : पोस्ट काय होती ते तुम्ही लिहिलं नाहीये, त्यामुळे बरोबर की चूक ते सांगता येणार नाही, पण पुढच्या वेळी फोनवर एवढंच म्हणायचं की साहेब, लेखी पाठवा, कुठल्या कलमाखाली ते लिहा. आवाज चढवायचा नाही, नाव आणि वेळ लिहून ठेवायची.

2012 च्या नोव्हेंबरात पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून आणि तिच्या लाइकवरून अटक झाली होती आठवतंय? ज्या कलमाखाली ती झाली ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66अ पुढे सुप्रीम कोर्टानं 24 मार्च 2015 ला रद्द केलं. त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे जिच्याकडे लोकांचं लक्ष जात नाही, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 79 मध्ये दुसऱ्यांचा मजकूर दाखवणाऱ्याला जे संरक्षण आहे, ते मजकूर काढायचं "कळवलं" म्हणजे कोणीही फोन केला म्हणून जात नाही, कोर्टाचा किंवा सरकारी यंत्रणेचा रीतसर आदेश लागतो असं कोर्टानं म्हटलं. पण हे संरक्षण मिळायला तुम्ही मजकूर निवडलेला किंवा बदललेला नसावा लागतो, म्हणून साताऱ्याच्या वाचकाला म्हटलं शीर्षकाला हात लावू नका. मधल्या रकान्यात तुम्ही स्वतः निवडून लिहिता ते तुमचंच, त्याची जबाबदारी पूर्ण तुमची असं धरूनच चाला. याच कायद्याखालच्या 2021 च्या नियमांप्रमाणे तक्रार कोणाकडे करायची त्याचं नाव आणि पत्ता पानावर लागतो, मुदतींचे आकडे बदलत राहतात म्हणून ताजे नियम वकिलाकडूनच घ्या. येणाऱ्यांच्या नोंदी किती ठेवायच्या यावर सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेचा 2022 चा आदेश 180 दिवस म्हणतो, तो तुमच्यासारख्या छोट्या पानाला लागू आहे का, हेही त्यालाच विचारा, माझ्या भरवशावर राहू नका.

आणि बॅकअप दुसऱ्या ठिकाणी ठेवा. ऑक्टोबर 2004 मध्ये लंडनमधले इंडीमीडियाचे दोन सर्व्हर उचलले गेले, अमेरिकेतून आलेल्या मागणीवरून, आणि एका झटक्यात वेगवेगळ्या देशांतल्या वीसच्यावर इंडीमीडिया साइटी बंद. सर्व्हर काही दिवसांनी परत मिळाले, पण ज्यांची दुसरीकडे प्रत नव्हती ते मधले दिवस हात चोळत बसले.

प्रश्न : आमच्याकडे एक ज्येष्ठ आहेत, फार मोठं काम, पण दिवसाला चौदा पोस्टी टाकतात. त्यात सुविचार, नातवाचा वाढदिवस, राजकारण, सगळं. बाकीच्यांच्या पोस्टी दिसतच नाहीत. सांगायचं कसं? – एक कार्यकर्ती, अहिल्यानगर

उत्तर : हा प्रश्न मोठमोठ्यांना सुटलेला नाही. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाचं असंच एक सामायिक पान होतं, कार्यकर्त्यांचे ब्लॉग एकत्र ओढणारं, 2012 मध्ये तिथे एकानं समलिंगी विवाहाला विरोध करणारं आपलं वैयक्तिक मत लिहिलं आणि ते सगळ्यांच्या पानावर आलं, केवढा गदारोळ झाला, की हे पान माणसांचं की कामाचं.

तुमचं त्यामानानं सोपं आहे. साइट वर्डप्रेसवर असेल तर प्रत्येक विषयाचं, म्हणजे कॅटेगरीचं, वेगळं फीड निघतं, त्या कॅटेगरीच्या पत्त्यापुढे स्लॅश देऊन फीड लिहायचं. पूर्ण साइटचं फीड काढा आणि फक्त त्यांच्या कामाच्या, समजा "माहिती अधिकार" नावाच्या, कॅटेगरीचं जोडा, नातवाचा वाढदिवस त्यांच्या साइटवर सुखानं नांदेल. शिवाय सगळ्यांना एकच नियम लावा, पहिल्या पानावर एका फीडच्या दिवसाला तीन पोस्टी, बाकीच्या त्या संघटनेच्या आतल्या पानावर. सगळ्यांना, म्हणजे कोणाला आपल्यासाठीच केलं असं वाटत नाही.

आमच्या माहिती अधिकारवाल्या काकांना मी हे फोनवर सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते, मला वाटलं दुखावले. मग म्हणाले, "चौदातल्या कुठल्या तीन ते तुमचं मशीन ठरवणार का?" दुसऱ्या दिवसापासून ते शीर्षकाच्या आधी एक, दोन, तीन असे नंबर घालून पाठवायला लागले, आणि चौथ्यापासून पुढे नुसती फुली.